नाताळात पोरांना कुठे न्यावं? तिकिटाचा सांता, कोर्लई की वसईचे गोठे

डिसेंबर लागला की माझ्या नणंदेचा फोन ठरलेला. "वहिनी, पंचवीसला सुट्टी आहे, पोरांना कुठे नेऊ?" तिची दोन, माझी दोन, वयं एक ते सात. आम्ही राहतो पेणला. गेल्या तीन नाताळांत तीन दिशांना जाऊन आलो, पैसे घालवले, एकदा भर रस्त्यात ओकारीही काढली (धाकटीने, वडखळ नाक्यावर). तिला फोनवर सांगितलेलंच इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी गेलो ते तिकिटाच्या कार्निव्हलला. नाव सांगत नाही, शहराच्या कडेला तसे दरवर्षी चार-पाच उभे राहतात: दिव्यांची कमान, कापसाचा डोंगर, चक्कर मारणारी छोटी आगगाडी आणि दर तासाला "बर्फ". बर्फ म्हणजे यंत्रातून उडणारा साबणाचा फेस. लांबून फार सुंदर दिसतो. जवळ गेलं की कपडे धुण्याच्या पावडरीचा वास येतो आणि पोरं त्याच हातांनी डोळे चोळतात. आमच्या मोठ्याचे डोळे लाल झाले, मग पाण्याची बाटली, रुमाल, रडारड. सांताच्या रांगेत पाऊण तास उभे राहिलो, फोटोला वीस सेकंद मिळाली. फोटोत धाकटीचं तोंड दुसरीकडे आहे आणि मोठा सांताच्या पायांकडे बघतोय. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, सांताने बाबांसारखे बूट घातलेत." अडीच वर्षांच्या मुलीचंही पूर्ण तिकीट लागलं, हे मला आजही टोचतं.

तरी एक मान्य करते. स्वच्छतागृह होतं, धड होतं, लंगोट बदलायला टेबल होतं. सासूबाईंना बसायला खुर्ची मिळाली. ढकलगाडी सगळीकडे नेता येत होती. ज्यांच्याबरोबर तान्हं बाळ आणि गुडघेदुखीची आजी अशी दोन्ही टोकं आहेत, त्यांनी नाक न मुरडता तिकीट काढावं. फक्त सुट्टीच्या संध्याकाळी नको, आडवारी दुपारी चार वाजता दार उघडताना आत शिरा आणि अंधार पडून दिवे दिसले की निघा.

दुसऱ्या वर्षी कोर्लई, अलिबागच्या पुढचं समुद्रकाठचं गाव. आम्हाला सगळ्यात जवळचं, पेणहून पन्नासेक किलोमीटर. मुंबईकडच्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाडीसकट नेणारी बोट) आहे, तासाभराचा प्रवास. पोरांच्या दृष्टीने तीच अर्धी सहल. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या मुखाशी किल्ला आणि त्याच्या पायथ्याला ख्रिस्ती वस्ती. इथे दोन बायका दारात बसून बोलत होत्या, आमचा पोरगा थबकला. "ही कुठली भाषा?" ती नोलिंग. नावाचाच अर्थ "आमची भाषा". पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून झालेली, बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, त्याला पावणेतीनशे वर्षं उलटून गेली तरी चुलीपाशी बोली टिकली. मला याचं फार अप्रूप वाटलं, पोरांना अर्थातच नाही. त्यांना दीपगृह आवडलं आणि वाळू आवडली.

पण नाताळ बघायला म्हणून कोर्लई निवडू नका. गाव लहान आहे, सण घराघरांत आणि चर्चमध्ये असतो, बाहेरच्याला दाखवण्यासारखं त्यांनी काही मांडलेलं नसतं आणि का मांडावं? किल्ल्यावर लहान पोर खांद्यावर घेऊन चढणं म्हणजे नवऱ्याची परीक्षा. शिवाय २५ डिसेंबरला अख्खी मुंबई अलिबागला निघालेली असते. वडखळ ते पोयनाड आम्ही चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो.

आता वसई.

बी.एड.च्या वेळची माझी एक मैत्रीण नंदाखालची. कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, घरात कादोडी बोलणारे. ती दरवर्षी बोलवायची, आम्ही दरवर्षी "बघू" म्हणायचो. गेल्या वर्षी नाताळाआधीच्या रविवारी गेलो. तिच्या आईने पोरांना आत नेलं ते थेट स्वयंपाकघरात. ताटात मैद्याच्या गोड पिठाच्या सुपारीएवढ्या गोळ्या. आजींनी एक काटा-चमचा उलटा धरला, त्याच्या पाठीवर गोळी अंगठ्याने दाबून पसरली, मग कडेने गुंडाळत आणली. शंखासारखं रेघारेघांचं काहीतरी तयार झालं. कुलकुल. मग तो काटा पोराच्या हातात दिला. त्याचं पहिलं कुलकुल म्हणजे चिंधी झाली. आजी म्हणाल्या, "ते तुझं. तळल्यावर तूच खायचं." तासभर दोघं जागची हलली नाहीत. आमच्याकडे दिवाळीत करंज्या भरताना मी यांना स्वयंपाकघराबाहेर हाकलते, हे तेव्हा आठवलं आणि जरा ओशाळायला झालं.

संध्याकाळी गोठे, म्हणजे येशूच्या जन्माचे देखावे, बघायला निघालो. डिसेंबरात सहा-सव्वासहाला अंधारू लागतं, त्यामुळे पोरांच्या झोपेआधी दोन तास सहज मिळतात. वाड्यावाड्यांतली तरुण मंडळी हे गोठे करतात, आपल्याकडे गणपतीची आरास करतात तसेच: गोणपाट रंगवून डोंगर, मोटर लावून ओढा, गवताचं छप्पर. एका गोठ्यासमोर माझी पावलं अडखळली. हिरवळ खोटी नव्हती. आठ-दहा दिवस आधी ताटल्यांत धान्य पेरून रुजवलेलं होतं, अगदी आपल्या घटासारखं पोपटी. गुडघ्याएवढ्या उंचीवर सगळं मांडलेलं, म्हणजे मोठ्यांना वाकावं लागतं आणि पोरांच्या ते बरोबर डोळ्यांसमोर येतं. तिकिटाच्या जागी सगळं उलट होतं, सगळं आमच्या मोबाइलच्या उंचीवर.

मरिया होती, योसेफ होता, गाय, गाढव, मेंढ्या. मधली गव्हाण रिकामी. पोरगा म्हणाला, "बाळ कुठंय?" गोठ्यापाशी वायर जोडत बसलेल्या मुलाने वर न बघता सांगितलं, "अजून जन्मलं नाही. चोवीसच्या रात्री."

झालं. घरी येईपर्यंत एकच धोशा. म्हणून आम्ही आठवड्याभरात परत गेलो, नवऱ्याने डिझेलचा हिशेब मोठ्याने केला तरी. घोडबंदरच्या रस्त्याने पहिल्या खेपेला जीव काढला होता, म्हणून या वेळी भाईंदरहून रो-रोने गाडी वसईला उतरवली. ही फेरी २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. बोटीतून किल्ला दिसला. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये तो घेतला तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या, भीमाशंकरची मोठी घंटा त्यातलीच. ती आमच्या पोराने बघितलेली आहे, त्यामुळे वसईशी त्याचं लगेच नातं जुळलं. गोठ्यात बाळ आलं होतं. धाकटीने त्याला "गाई गाई" करून झोपवलं. रस्त्यात टेम्पोच्या हौद्यात उभा असलेला नाताळबाबाही भेटला, गावातलाच कोणी काटकुळा पोरगा, पोटाला उशी बांधलेला. रांग नाही, फोटो नाही, मूठभर चॉकलेटं उधळून गेला.

वसईच्या अडचणीही सांगते. सार्वजनिक स्वच्छतागृह शोधत बसावं लागतं, ओळखीचं घर नसेल तर निघण्याआधी सगळ्यांना "जाऊन या" म्हणायचं. रस्ते अरुंद, गाडी एका जागी ठेवून चालावं लागतं, ढकलगाडीचा उपयोग नाही. २४ आणि २५ ला जाऊच नका. त्या रात्री तो त्यांचा सण असतो आणि आपण त्यांच्या दारात गाडी लावून वाट अडवणारे पाहुणे. रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लहान पोरांना झेपतही नाही. गोठे बाळ येशूला बघायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, बहुतेक ठिकाणी असतात. मधले कुठलेही दिवस चालतील.

चर्चमध्ये गेलात तर मिस्सा मराठीतच असते, त्यामुळे पोरांना बरंच कळतं. फक्त शेवटी शेवटी लोक रांगेने पुढे जातात तेव्हा आपण बाकावरच बसायचं. आमचा मोठा "प्रसाद" म्हणून उठला होता, मैत्रिणीने शर्टाला धरून बसवला. तो प्रसाद नसतो, तो कम्युनियन, म्हणजे भाकरीचा संस्कार, आणि ज्यांचा पहिला कम्युनियन रीतसर झालाय त्या कॅथलिकांसाठीच असतो. घरांची रोषणाई रस्त्यावरून बघावी, अंगणात शिरायचं ते कोणी हाक मारली तरच. बहुतेकदा मारतात.

नणंदेचा प्रश्न होता, "पण ओळख नसेल तर?" रास्त आहे. कुलकुल नाही मिळणार. पण रस्त्यालगतचे आणि चर्चच्या आवारातले गोठे सगळ्यांसाठी खुले असतात, तेवढ्यासाठीही मी जाईन. येताना आगाशीकडे सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, मिळाली तर घ्या, केळीच्या वाळल्या पानात बांधलेली. पोरांच्या परतीच्या प्रवासाला याहून चांगला खाऊ नाही, हात चिकट होतात एवढंच.

तर तिची धाकटी अजून वर्षाची आहे, म्हणून तिला मी या वर्षी कार्निव्हलच सुचवलं, आडवारी, दुपारी. समुद्रच हवा असेल तर कोर्लई, पण जानेवारीत, गर्दी ओसरल्यावर. पोरं चार वर्षांच्या पुढची असतील तर दुसरा विचार नको, वसई.

आमचा बेत मात्र अडकलाय. गेल्या वर्षी तीन राजांचे उंट गोठ्याच्या पार कोपऱ्यात उभे होते, रोज थोडे पुढे सरकवतात असं त्या वायरवाल्या मुलाने सांगितलं होतं. आमच्या पोराला आता ते पोचलेले बघायचेत. म्हणजे ६ जानेवारी. शाळेत काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.