चूक पोटात घालणारे वर्कबेंच : घरच्या इलेक्ट्रॉनिक्स टेबलावरील उपकरणांचे परीक्षण

घरी इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणाऱ्याच्या हातून चुका होणारच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा बसतो, पुरवठ्याच्या दोन वायर एकमेकींना लागतात, मल्टिमीटरची पिन ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये तशीच राहून जाते. कारखान्यात अशा चुका पकडायला दुसरी नजर असते. घरी ते काम उपकरणांनाच करावे लागते. त्यामुळे येथे प्रत्येक वस्तूचे मोल ठरवताना मी तिची वैशिष्ट्ये मोजत बसलेलो नाही. चूक झाल्यावर ती वस्तू काय करते, नुकसान कुठे थांबवते आणि वेळीच काही सांगते का, एवढेच मी पाहिले आहे. या निकषावर काही नावाजलेली उपकरणे पूर्ण उतरतात, काहींना एक-दोन उणिवा आहेत, आणि काही वस्तू दिसायला आकर्षक असूनही टेबलावर असू नयेत असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

टेबलाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १८ ते २५ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायवूडचा पृष्ठभाग, न डगमगणारे पाय आणि साधारण ७५ सेंटिमीटर खोली एवढे मिळाले की काम भागते. मागच्या बाजूला तीसेक सेंटिमीटर उंचीवर एक फळी हवी, म्हणजे मोजमापाची उपकरणे डोळ्यांच्या पातळीला येतात आणि समोरची ४० ते ४५ सेंटिमीटरची पट्टी केवळ सर्किटसाठी मोकळी राहते. ही पट्टी मोकळी ठेवण्याबाबत मी आग्रही आहे, कारण टेबलावरचे बरेचसे शॉर्ट सर्किट पसाऱ्यातून होतात: कापलेल्या वायरचा एक तुकडा चालू बोर्डाखाली सरकला तरी पुरे. सगळ्या सॉकेटना मिळून एकच मुख्य स्विच असावा, तो उठून उभे न राहता हाताला यावा, आणि त्यामागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

टेबलावर अंथरायच्या मॅटच्या बाबतीत मात्र गैरसमज फार आहेत. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलांवर दिसणारी, स्क्रू ठेवायला कप्पे असलेली निळी सिलिकॉनची मॅट उष्णता उत्तम सोसते आणि सोल्डरिंग आयर्न चुकून टेकले तरी सहसा जळत नाही. परंतु साधे सिलिकॉन विद्युतरोधक असते, आणि म्हणून स्थितिक विद्युत वाहून नेण्याचे काम अशी मॅट करीलच असे नाही. माणसाला ठिणगीचा चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या आसपास. काही मॉसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) आणि आयसी (चिप) मात्र १०० व्होल्टच्या आतही कायमचे बिघडू शकतात. म्हणजे हाताला काहीच जाणवले नाही तरी घटक मेलेला असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धमेला होऊन पुढे कधीतरी दगा देतो. चांगली मॅट दोन थरांच्या रबराची असते. तिच्या वरच्या थराचा रोध साधारण १० लाख ओहम ते १ अब्ज ओहम या पट्ट्यात राखलेला असतो, खालचा थर अधिक वाहक असतो आणि कोपऱ्यातल्या बटणातून अर्थिंगची वायर निघते. मनगटाच्या पट्ट्याच्या वायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, आणि माझ्या मते तो या संपूर्ण टेबलावरचा सर्वांत शहाणा घटक आहे: अंगावरचा भार तो क्षणार्धात निघून जाऊ देतो, पण उद्या हात २३० व्होल्टला लागलाच तर त्याच्यातून जमिनीकडे जाणारा प्रवाह ०.२३ मिलिअँपिअरच्या वर जाऊ देत नाही. हा रेझिस्टर नसलेला पट्टा फुकट मिळाला तरी वापरू नये. मॅट तपासताना एक लक्षात ठेवावे की साधा मल्टिमीटर काही दशलक्ष ओहमच्या पुढे मोजत नाही, त्यामुळे चांगल्या मॅटवरही तो ‘ओव्हरलोड’ दाखवू शकतो. तेवढ्यावरून मॅट खोटी ठरवू नये; १०० व्होल्टवर मोजणारा इन्सुलेशन टेस्टर मिळाल्यासच निकाल द्यावा.

आता सोल्डरिंग स्टेशनकडे वळू. हाक्को या जपानी कंपनीचे एफएक्स-८८८डी हे स्टेशन घरगुती टेबलांवर इतके रूढ झाले आहे की इतर स्टेशनांची तुलना नेहमी त्याच्याशीच होते, आणि हा मान त्याने कमावलेला आहे. शक्ती सुमारे ७० वॅट, तापमानाचा पल्ला ५० ते ४८० अंश सेल्सिअस, आणि टी१८ मालिकेतल्या टिपांची मोठी निवड. सोबतचे स्टँड जड आणि स्थिर आहे. त्यात पितळी तारेचा गुंता आणि ओला स्पंज या दोन्हींची सोय आहे. स्टँड जड असणे ही किरकोळ बाब वाटेल, पण तापलेल्या आयर्नची वायर कोपराला अडकते तेव्हा हलके स्टँड आयर्नसकट मांडीवर येते. हे तसे येत नाही.

या स्टेशनचे खरे गुण पाहायचे असतील तर मोठ्या ग्राउंड प्लेनला (बोर्डावरच्या तांब्याच्या रुंद थराला) जोडलेला एखादा पॅड (घटकाचा पाय जोडायची तांब्याची जागा) घ्यावा. निमुळत्या टोकाच्या टिपेने त्यावर सोल्डर लावू गेल्यास ते गोळा होऊन वर बसते, कारण टोकाचा स्पर्शच इतका लहान असतो की उष्णता आत जाण्याआधी तांब्यातून पसरून जाते. येथे नवखा माणूस तापमान ४०० अंशांवर नेतो, आणि मग फ्लक्स (जोडाची जागा साफ करणारी, सोल्डरमधली राळ) जळतो, टिप काळी पडते, पॅड बोर्डापासून सुटतो. त्याऐवजी तापमान ३३० ते ३५० अंशांवरच ठेवून २.४ मिलिमीटर रुंदीची छिन्नीसारखी टिप लावावी, तिच्या टोकावर किंचित ताजे सोल्डर घ्यावे आणि सपाट बाजू पॅड व पाय या दोघांनाही एकदम टेकवावी. क्षणभर काहीच होत नाही. मग राळेचा पातळ पडदा चमकतो, सोल्डरची कड आत ओढल्यासारखी सरकते आणि जोड पायाभोवती अंतर्वक्र, तकतकीत बसतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे गोठताना जोड हलून बिघडण्याची शक्यता कमी होते. सॅक३०५ या शिसेविरहित सोल्डरला २१७ अंशांपासून पुढे जावे लागते आणि त्याचा चांगला जोडही थोडा मंद दिसतो. हात बसेपर्यंत शिशाचे सोल्डर वापरावे आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, असे मी सुचवीन.

एफएक्स-८८८डीची उणीव त्याच्या दोन बटणांत आहे. तापमान बदलायचे तर एक बटण दाबून धरायचे आणि शतक, दशक, एकक असा एकेक अंक निवडत जायचे. दुसरे बटण दाबून धरले तर तापमानाऐवजी ऑफसेट (दाखवलेल्या तापमानात करायची दुरुस्ती) बदलण्याची सोय उघडते. म्हणजे नेमके चुकीचे बटण दाबले गेल्यास पडद्यावरचा आकडा आणि टिपेचे खरे तापमान यांची फारकत होते, आणि माझ्या निकषावर हा दोष लहान नाही. पाच तापमाने आधीच साठवून ठेवण्याची सोय वापरली की तो बहुतांशी टळतो. नंतरच्या एफएक्स-८८८डीएक्समध्ये फिरवायचे बटण आले आहे. नव्याने घेणाऱ्याने तेच घ्यावे. या रचनेत हीटर वेगळा आणि टिप त्यावर चढवलेली असते, म्हणून हीटर आणि टिप एकाच कार्ट्रिजमध्ये असलेल्या स्टेशनांइतक्या वेगाने ती उष्णता भरून काढत नाही. दाट थरांचे बोर्ड रोज दुरुस्त करणाऱ्याला हा फरक जाणवेल. इतरांना रुंद टिप पुरेशी आहे.

धुराबद्दल थोडेसे. सोल्डरिंग करताना वर येणारा धूर शिशाचा नसून फ्लक्सचा असतो, कारण या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. राळेच्या धुराने श्वसनमार्ग संवेदनशील होऊन दमा जडू शकतो, हे व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात मान्य झालेले आहे. टेबलावर ठेवायचे, कार्बनच्या स्पंजाचे लहान पंखे धूर तोंडापासून दूर ओढतात आणि वासही काहीसा कमी करतात, परंतु त्यातले सूक्ष्म कण बरेचसे परत खोलीत सोडतात. नळीने खिडकीबाहेर हवा फेकणारा साधा पंखा त्यांच्यापेक्षा सरस ठरतो.

चूक पोटात घालण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा वाटा उचलतो तो प्रवाहाची मर्यादा ठरवता येणारा पॉवर सप्लाय, आणि म्हणून ऑसिलोस्कोपच्या (बदलते व्होल्टेज पडद्यावर आलेखासारखे दाखवणाऱ्या उपकरणाच्या) आधी तो घ्यावा असे माझे ठाम मत आहे. रिगोल कंपनीचा डीपी८३२ हा सप्लाय तीन आउटपुट देतो: ३० व्होल्ट ३ अँपिअरची दोन आणि ५ व्होल्ट ३ अँपिअरचे एक. आकडे थेट टाकता येतात, प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र चालू-बंद बटण आहे, आणि प्रवाह ठरवलेल्या मर्यादेला भिडताच पडद्यावर तसे दिसते. नवा बोर्ड प्रथम चालू करताना मर्यादा ५० मिलिअँपिअर ठेवावी. काही उलटे बसले असेल तर व्होल्टेज कोसळते, बोर्ड कोमट होतो, आणि माणूस शांतपणे चूक शोधतो. हीच चूक मर्यादा नसलेल्या अडॅप्टरवर झाली असती तर आयसीचे झाकण उडाले असते. एक बारकावा मात्र कोणत्याही सप्लायच्या बाबतीत ध्यानात ठेवावा. आउटपुटला आतून कपॅसिटर जोडलेला असतो, आणि त्यातला भार मर्यादा पाळत नाही. १२ व्होल्टवर चालू असलेल्या सप्लायला मर्यादा २० मिलिअँपिअर ठेवून थेट एलईडी जोडली, तर मर्यादा जागी होण्याआधीच तो साठा एलईडीतून निघून जातो आणि ती जाते. आधी जोडणी करावी, मग आउटपुटचे बटण दाबावे. डीपी८३२मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या आउटपुटचे ऋण टोक आतून एकच आहे, हेही लक्षात असू द्यावे; दोन वेगळे, परस्परांपासून अलग पुरवठे हवे असतील तर त्यातला एक पहिलाच घ्यावा लागतो.

मल्टिमीटर निवडताना अचूकतेच्या आकड्यांआधी झाकण उघडून फ्यूज पाहावेत. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या स्विचिंग सप्लायच्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात, आणि मीटरची पिन ॲम्पिअरमध्ये असताना तेथे प्रोब टेकला तर काचेचा लहान फ्यूज आतल्या ज्योतीसह फुटू शकतो. फ्लूक ८७-फाइव्ह या मल्टिमीटरमध्ये वाळू भरलेले, १,००० व्होल्टसाठी बनवलेले दोन फ्यूज आहेत. शिवाय पिन ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये ठेवून बटण व्होल्टवर फिरवले तर हा मीटर आवाज करून सावध करतो. माझ्या लेखी या एका आवाजाची किंमत अचूकतेच्या जास्तीच्या अंकापेक्षा अधिक आहे. हा मीटर इतका महाग असतो की घरगुती कामासाठी तोच घ्या असे मी म्हणणार नाही. तथापि चांगले सिरॅमिक फ्यूज आणि खरा सीएटी-३ दर्जा (घराच्या वायरिंगवर मोजमाप सुरक्षित असल्याचा) असलेला कोणताही मीटर त्याच्या जागी चालेल. नुसता छापलेला दर्जा पुरावा नव्हे.

प्रकाशासाठी रंगदर्शकता (रंग किती खरे दिसतात त्याचा १००पैकी अंक) ९०हून अधिक असलेला दिवा घ्यावा, नाहीतर रेझिस्टरवरचे लाल, नारिंगी आणि तपकिरी पट्टे एकसारखे दिसू लागतात. लहान एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच जोडायच्या) घटकांसाठी ७ ते ४५ पट मोठे दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि त्याला अर्ध्या पटीचे भिंग ही जोडी उत्तम. भिंगाने मोठेपण निम्मे होते खरे, पण खाली आयर्न धरायला जवळपास दुप्पट जागा मिळते.

ऑसिलोस्कोपमध्ये रिगोलच्या डीएस१०५४झेडने चार चॅनेल घरगुती आवाक्यात आणले. बँडविड्थ (किती वेगवान सिग्नल नीट दिसतो ती मर्यादा) ५० मेगाहर्ट्‌झ. सॅम्पलिंगचा (नमुने घेण्याचा) वेग सेकंदाला १ अब्ज, पण तो सर्व चॅनेलमध्ये विभागला जातो, म्हणून चारही चालू केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला २५ कोटीच येतात. मायक्रोकंट्रोलर, ऑडिओ आणि सप्लायच्या कामाला तेवढे भरपूर आहे. पंख्याचा आवाज शांत खोलीत जाणवतो. प्रोब नेहमी दहापटीच्या (१०एक्स) स्थितीत वापरावा, कारण एकपटीत त्याची बँडविड्थ काही मेगाहर्ट्‌झपुरतीच उरते. परंतु हेच एक उपकरण असे आहे की ते चूक पोटात घालत नाही. त्याच्या प्रत्येक प्रोबची ग्राउंड क्लिप आतून एकमेकींना आणि प्लगच्या अर्थिंगला जोडलेली असते. ती मुख्य पुरवठ्याला थेट जोडलेल्या भागावर लावली की स्फोटासारखा शॉर्ट सर्किट होतो. यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कधीही मानू नये, कारण मग ऑसिलोस्कोपची धातूची अंगेच जिवंत (शॉक देणारी) होतात. अशा मोजमापासाठी डिफरेन्शियल प्रोब (अर्थिंगशी न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) घ्यावा, आणि तो नसेल तोवर सप्लायची मुख्य पुरवठ्याकडची बाजू ऑसिलोस्कोपने मोजूच नये.