आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स : ओळखीचा चेहरा दिसला की सावध व्हा

गेले चार महिने आमच्या घरी एक नेम झालाय. रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की मी आणि आई दिवे बारीक करून एक एपिसोड बघतो, फक्त एकच, कितीही मोह झाला तरी दुसरा लावायचा नाही. मामाने येताना डीव्हीडीचे सेट आणले होते ते कपाटात पडून होते आणि मला वाटलेलं की पन्नासच्या दशकातली ब्लॅक अँड व्हाइट अमेरिकन सिरियल, आई दोन दिवसांत कंटाळेल, तिला भराभर इंग्रजी कळत पण नाही. आता परिस्थिती अशी आहे की साडेनऊ वाजले की तीच विचारते, आज कोण मरणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही सिरियल २ ऑक्टोबर १९५५ ला सुरू झाली आणि १९६५ पर्यंत चालली, आधी अर्ध्या तासाची आणि १९६२ पासून एका तासाची, सगळे मिळून साडेतीनशेच्या वर एपिसोड. दर वेळी नवी गोष्ट, नवी माणसं, पुढच्या आठवड्याशी काही संबंध नाही. आपल्याकडच्या एकांकिकेसारखं समजा, पंचवीस मिनिटांत पडदा उघडतो, माणसं कळतात, कोणीतरी चुकतं आणि पडदा पडतो. सुरुवातीला पांढऱ्यावर चार रेघांत काढलेला, रहस्यपटांचा प्रसिद्ध दिग्दर्शक आणि या सिरियलचा सूत्रधार हिचकॉक, त्याचा चेहरा दिसतो (ते चित्र त्याने स्वतःच काढलेलं), मागे गुनो या फ्रेंच संगीतकाराची ती बाहुल्यांच्या अंत्ययात्रेची धून, आणि हा जाडजूड माणूस बाजूने सावलीसारखा चालत येऊन बरोबर त्या रेघांत बसतो. मग गुड ईव्हिनिंग. आई त्याला "आला गं तुझा काका" म्हणते.

पण मला खरं सांगायचंय ते गेस्ट स्टार्सबद्दल, कारण माझ्या मते या सिरियलचं अर्धं यश तिथे आहे.

नेहमीच्या डिटेक्टिव्ह सिरियलमध्ये आपल्याला आतून माहीत असतं की इन्स्पेक्टरला काही होणार नाही, तो पुढच्या आठवड्यात परत येणारच आहे. इथे परत कोणीच येणार नसतं, त्यामुळे कोणीही मरू शकतं आणि कोणीही मारू शकतं, नटी कितीही मोठी असो की नट कितीही सज्जन चेहऱ्याचा. आणि हे लोक नेमकं तेच वापरतात. आपण चेहरा ओळखतो, मनात म्हणतो हा चांगला माणूस, आणि तिथेच फसतो. जॉन विल्यम्स घ्या, हिचकॉकच्याच डायल एम फॉर मर्डर सिनेमातला तो मिशीवाला शांत इन्स्पेक्टर, ज्याने खुनी शोधून काढला तो. १९५६ च्या बॅक फॉर ख्रिसमस मध्ये हाच माणूस तळघरात खड्डा खणतोय, बायको वरून हाका मारतेय, आणि मी वेड्यासारखी त्याच्यासाठी कारणं शोधत बसले होते. आईने हा माणूस आधी कधी बघितलेला नाही, तिने दुसऱ्या मिनिटाला सांगितलं, "खड्डा बायकोच्या मापाचा आहे."

यावरून मला एक गंमतच कळली, की आई एकाही स्टारला ओळखत नाही म्हणून तिला अर्धे एपिसोड वेगळेच दिसतात. मॅन फ्रॉम द साउथ (१९६०) बघताना मी स्टीव्ह मॅक्वीनकडे बघत होते. तेव्हा तो टीव्हीवर वेस्टर्न सिरियलमध्ये काम करत होता, मोठे सिनेमे अजून यायचे होते, पण चेहऱ्यावर ते सगळं आत्ताच दिसतं. गोष्ट अशी की लास व्हेगासच्या हॉटेलात एक म्हातारा त्याच्याशी पैज लावतो, तुझा लायटर सलग दहा वेळा पेटला तर माझी गाडी तुझी, नाही पेटला तर तुझी करंगळी माझी. बस, एवढंच! शेजारी बसलेली मुलगी म्हणजे नील अ‍ॅडम्स, मॅक्वीनची तेव्हाची खरी बायको. आणि आई मात्र पूर्ण वेळ त्या म्हाताऱ्याला धरून बसली, "त्याचे डोळे बघ, तो गाडीकडे बघतच नाहीये, बोटाकडे बघतोय." तो म्हातारा म्हणजे पीटर लोरे, १९३१ च्या एम या सिनेमातला खुनी. मी तिला नाव सांगितलं, तिला काही फरक पडला नाही, डोळे तिला नावाआधीच कळले होते. लायटरचा प्रत्येक क्लिक ऐकताना आम्ही दोघी श्वास धरून होतो.

पुढच्या दोन परिच्छेदांत दोन एपिसोडचे शेवट सांगून टाकतेय, नको असेल तर सोडून पुढे जा.

पहिल्याच सीझनमधला ब्रेकडाउन. जोसेफ कॉटन एक कडक मालक आहे, फोनवर जुन्या माणसाला नोकरीवरून काढतो आणि तो माणूस रडतो म्हणून याला त्याची किळस येते. मग गाडीचा अपघात, आणि हा जिवंत आहे पण हलता येत नाही, बोलता येत नाही, सगळे त्याला मेलेला समजतात. विचार करा, नामांकित नट आहे आणि जवळजवळ सगळा वेळ त्याला एकाच जागी, एकाच चेहऱ्यानं, डोळे उघडे ठेवून पडून राहायचंय, फक्त मनातला आवाज ऐकू येतो. कॅमेरा हलत नाही कित्येकदा, चित्र गोठल्यासारखं होतं. त्याला वाचवतो तो डोळ्यातून आलेला पाण्याचा थेंब, तेच रडणं जे त्याला दुसऱ्याच्यात सहन झालं नव्हतं. आई त्या रात्री काही न बोलता उठून गेली, सकाळी चहा देताना म्हणाली, "त्या माणसाला नंतर फोन केला असेल का गं त्याने?" हिचकॉकने स्वतः डायरेक्ट केलेल्या मोजक्या एपिसोडपैकी हा एक, आणि माझ्या मते सगळ्यात भारी.

दुसरा म्हणजे लॅम्ब टू द स्लॉटर, १९५८, रोआल्ड डालची गोष्ट. बार्बरा बेल गेडेस, जी त्याच वर्षी हिचकॉकच्या व्हर्टिगो सिनेमात ती चष्मेवाली समंजस मैत्रीण झाली. इथे ती गरोदर बायको, नवरा पोलीस, तो येऊन सांगतो की मी तुला सोडतोय. ती फ्रीझरमधून मटणाची गोठलेली अख्खी मांडी काढते आणि त्याच्या डोक्यात घालते, मग तीच मांडी ओव्हनमध्ये ठेवते आणि तपासाला आलेल्या पोलिसांना जेवायला वाढते. बार्बराचा चेहरा इतका घरगुती आहे की आपल्याला तिची भीतीच वाटत नाही, उलट वाटतं जेवा बाबांनो लवकर, संपवा ते. त्या काळी टीव्हीवर खुनी सुटलेला दाखवायचा नाही असा दंडक असल्याने शेवटी हिचकॉक येऊन सांगतो की तिने दुसऱ्या नवऱ्यावरही हाच प्रयोग केला, पण तो विसरभोळा, फ्रीझर चालूच करायचा राहिला होता. असे समारोप जवळजवळ प्रत्येक वेळी असतात आणि ते लिहायचा जेम्स अ‍ॅलर्डाइस, त्याचं नाव कमी घेतलं जातं म्हणून मुद्दाम घेतेय. तसंच जोन हॅरिसन, निर्माती, हिचकॉकची सेक्रेटरी म्हणून सुरुवात करून इथवर आलेली बाई. आणि नट नॉर्मन लॉइड, ज्याला ब्लॅकलिस्टच्या काळात, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडमध्ये लोकांना काम नाकारलं जायचं तेव्हा, काम मिळत नव्हतं आणि हिचकॉकने १९५७ मध्ये इथे बोलावून घेतलं. सिरियलचं रोजचं काम खरं या लोकांनी चालवलं.

सगळंच उत्तम आहे असं नाही. काही विनोदी एपिसोड आज अजिबात चालत नाहीत, आणि तासाभराचे बरेचसे ताणलेले वाटतात, जी गोष्ट पंचवीस मिनिटांत कापली असती तिला पाणी घालून वाढवलंय असं स्पष्ट जाणवतं. त्यात अपवाद अ‍ॅन अनलॉक्ड विंडो, १९६५ चा, वादळाची रात्र, एकाकी घर, नर्सेसचे खून होतायत आणि घरात दोन नर्स. तो एकटीने बघू नका. बँग यू आर डेड पण लहान मुलं घरात असतील तर आधी तुम्ही बघा. छोटा बिली मुमी खेळण्यातलं समजून काकाचं खरं पिस्तूल घेऊन बाजारात फिरतो आणि लोक हसून हात वर करतात, त्यात हिचकॉक नेहमीसारखी थट्टा करत नाही, गंभीरपणे बोलतो, आणि मला ते फार बरोबर वाटलं.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर अर्ध्या तासाचे आधी, आणि क्रमाने बघायची अजिबात गरज नाही. डीव्हीडीचं चित्र स्वच्छ आहे, आवाज कधी कधी बारीक येतो, हेडफोन नको, खोली शांत ठेवा.

काल आईने द ग्लास आय परत लावायला सांगितला. १९५७ चा, जेसिका टँडी एकटी राहणारी बाई, बोलक्या बाहुलीचे खेळ करणाऱ्या देखण्या कलाकाराच्या प्रेमात पडते, आणि तिची गोष्ट सांगणारा तरुण विल्यम शॅटनर, स्टार ट्रेकच्या कितीतरी आधीचा. दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सला याच्यासाठी एमी हे टीव्हीचं मोठं अमेरिकन पारितोषिक मिळालं. पहिल्यांदा बघताना आई म्हणाली होती, अर्धवटराव बघितलेत मी, मला काय घाबरवणार. काल दुसऱ्यांदा बघताना तिने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली, टँडी दारातून आत गेली तेव्हा "नको गं जाऊ" असं मोठ्याने म्हणाली, आणि मला डिस्क थांबवू दिली नाही.