तीन कड्यांचा जुना बिल्ला: वस्तूला पाच तारे, पाठवणाऱ्याला एक

जाहिरातीत लिहिलं होतं, 'गुप्त संघटनेचा गूढ बिल्ला, गुलामगिरीच्या साखळीसह, अंदाजे १८५०, मागे काळे डाग.' एवढ्याशा ओळीत इतक्या चुका सहसा सापडत नाहीत. फोटो फक्त पुढच्या बाजूचा होता. मी जुन्या कापडांची डागडुजी करते, त्यामुळे 'डाग' वाचून हात शिवशिवले आणि मागवला.

पाकीट उघडलं तर फितीची चक्क घडी घातलेली! लाल रेशीम, खाली कलाबतूची झालर, वर पितळी पट्टी आणि घडीवर आडवी भेग. त्या काळी रेशमावरचा नैसर्गिक डिंक धुऊन काढला की वजन घटायचं. ते भरून काढायला त्यात कथिलाचे क्षार मुरवत. असं रेशीम काही दशकांतच वाळक्या पानासारखं ठिसूळ होतं. त्याची घडी घालून पाठवणं म्हणजे मोडूनच पाठवणं. विक्रेत्याला हे माहीत नसेल, मान्य. पण जुनं कापड विकायला बसलाय ना?

आता ती 'गुलामगिरीची साखळी'. एकमेकींत गुंतलेल्या तीन कड्या ही ऑड फेलोज या बंधुसंघटनेची खूण. अमेरिकेतली त्यांची संघटना थॉमस वाइल्डी यांनी १८१९ मध्ये बाल्टिमोरला सुरू केली. कड्यांमध्ये एफ, एल, टी ही अक्षरं असतात: फ्रेंडशिप, लव्ह, ट्रुथ. म्हणजे मैत्री, प्रेम आणि सत्य. इतकं उघडउघड लिहिलेलं असताना यात गूढ ते काय? अशा संघटनांच्या शाखांच्या, म्हणजे लॉजच्या, जुन्या वस्तूंवर डोळा किंवा कवटी दिसली की लोकांची कल्पनाशक्ती उधळते. फ्रीमेसन या अशाच दुसऱ्या बंधुसंघटनेत नवशिक्या सदस्याला मात्र कोकराच्या कातड्याचा साधा पांढरा एप्रन देतात, काही चितारलेलं नसलेला, आणि त्याकडे सहसा कोणी बघत नाही.

१८५० चं म्हणाल तर पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत 'व्हाइटहेड अँड होग, न्यूअर्क' असं आहे. ही बिल्ले बनवणारी कंपनी, १८९२ ची. भिंग लावायलाही नको, नुसता बिल्ला उलटा करायचा होता.

आणि उलटा केल्यावर ते 'डाग' दिसले. अख्खी काळी फीत, तिच्यावर चंदेरी अक्षरांत 'इन मेमोरियम', म्हणजे 'स्मृतीप्रीत्यर्थ'. हे अस्तर नव्हे, बिल्ल्याचं दुसरं तोंड आहे. सभा-मिरवणुकीला लाल बाजू, सदस्य वारला की काळी. फीत पट्टीच्या आकड्यांवरून काढून दुसऱ्या अंगाने अडकवायची, झालं. संघटनेने सदस्यांना चार कामं नेमून दिली होती: आजाऱ्याला भेटणं, अडलेल्याला मदत करणं, मेलेल्याला पुरणं, पोरक्यांना शिकवणं. तिसऱ्या कामाचा पोशाख दुसरीकडे शोधावा लागू नये म्हणून तो रोजच्या बिल्ल्याच्या पाठीलाच शिवून ठेवलेला. छातीवर उत्सव मिरवताना सुतक आतून शर्टाला घासत असणार.

लाल बाजू उन्हाने विटली आहे. काळी जवळपास कोरी. पण त्या बाजूच्या, आकडे अडकवायच्या छिद्रांच्या कडाही ताणलेल्या आहेत, टाके सैल झालेत. एकदाच नव्हे, बऱ्याचदा वापरलेल्या कापडाचे टाके असे होतात. ज्याचा हा बिल्ला, त्याने किती जणांना पोचवलं असेल, कोण जाणे.

विक्रेत्याने तक्रारीवर 'परत पाठवा, पैसे देतो' असं लगेच कळवलं, ते त्याच्या बाजूने नोंदवते. परत पाठवला नाही. पुन्हा घडी झाली असती. कोणी असा बिल्ला घेणार असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो आधी मागा, आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवूनच पाठवा असं लेखी सांगा. माझ्या भेगेला पातळ रेशमी जाळीचा आधार दिलाय, टाके लाल बाजूने घेतले. काळ्या बाजूला सुई लावली नाही.