मॉडेलचं काम नाद खुळा, पण टायमाच्या नावानं बोंब

पोरीच्या प्रोजेक्टला कॅनडातल्या डॉसन सिटीचं मॉडेल पाहिजे होतं म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानात ऑर्डर टाकली. ऑगस्ट १८९६ ला क्लोंडाइक नदीच्या एका ओढ्यात सोनं घावलं आणि जो लाडू नावाच्या माणसानं (नाव खरंच तसलं आहे, हसू नका) सोनं उकरायचं सोडून नदीकाठची जागा धरली, प्लॉट पाडले, लाकूड कापायची गिरणी आणली, मग आधी नुसते तंबू, नंतर ओंडक्यांची घरं, मग फळ्यांची दुकानं, असं करत १८९८ ला तिथं ३०,००० च्या आसपास माणूस!

दुकानातल्या काकांनी आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून फळ्या केल्यात, आणि समोरनं दुमजली दिसणारी पण मागं बुटकं घर असलेली ती खोटी दर्शनी भिंत तर एकच नंबर. पण सगळ्या इमारती ओळंबा लावल्यागत सरळ. अहो तिथली जमीन खाली कायम गोठलेली, घराच्या उबेनं वितळली की घर कलतं, दोनदा सांगितलेलं. त्यात डिलिव्हरी दोन दिवस लेट. शेवटी कोपऱ्यातली दोन घरं मीच पाण्याचा हात लावून वाकडी केली.