वाइनमन ९९९: मामाच्या रॅलेला शेवटी हेच ब्रेक बसवले

मामाची सत्तरच्या दशकातली रॅले ग्रां प्री सायकल आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगच्या जिन्याखाली कितीतरी वर्षं उभी होती, इंग्लंडला शिकायला होता तेव्हा त्याने ती तिकडे घेतली आणि परत येताना सामानाबरोबर जहाजाने आणली. गेल्या दिवाळीत ती मी बाहेर काढली. फ्रेम ठणठणीत, क्रोम थोडं गेलेलं, बाकी सगळं साफ करून होण्यासारखं, पण ब्रेक बघून जीव खालीवर झाला. मधल्या काळात कुठल्यातरी मेकॅनिकने मूळचे ब्रेक काढून आत्ताचे ड्युअल पिव्हट, म्हणजे दोन खिळ्यांवर फिरणारे ब्रेक टाकलेले आणि ते बसावेत म्हणून पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचं मागचं भोक ड्रिल मारून मोठं केलेलं. जुन्या ब्रेकचा ६ मिमीचा बोल्ट आरपार जातो आणि मागून साधा नट लागतो, नवीन ब्रेकचा नट मात्र चिमट्याच्या आत शिरतो म्हणून त्याला ८ मिमीचं भोक हवं असतं. एवढं करूनही नवे ब्रेक रिमपर्यंत पुरत नव्हतेच, ब्रेकचं रबर अर्धं रिमला अर्धं टायरला घासत होतं. चांगल्या सायकलचं असं कोणी करू नका प्लीज.

मग शोधाशोध सुरू केली. जुन्या रोड सायकलचं नाव काढलं की प्रत्येक जण इटलीचं कॅम्पाग्नोलो सांगतो, आणि त्यांचे रेकॉर्ड साइड-पुल, म्हणजे वायर एका बाजूने ओढते ते ब्रेक सुंदर आहेतच, १९६८च्या सुमाराला आले आणि रेसिंगवाल्यांनी उचलून धरले, पण मामाची सायकल रेसवाल्याची नव्हती ना, कॉलेजला जाणाऱ्या पोराची होती. काही जणांनी फ्रान्सचे मॅफॅक रेसर सुचवले. त्यात एक गोष्ट खरंच चांगली आहे, रबर सगळ्या बाजूंनी फिरवून कसंही सेट करता येतं. पण ग्रां प्रीवर त्या काळात कारखान्यातूनच वाइनमनचे सेंटर-पुल, म्हणजे वायर मधोमध वर ओढते ते ब्रेक यायचे. माझं मत पक्कं आहे, त्या काळातलं लावायचं म्हणजे त्या काळातलं सगळ्यात महाग ते नव्हे, त्या सायकलवर जे होतं ते.

तर वाइनमन ९९९. कंपनी स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझनची. पुढचा-मागचा सेट इंग्लंडमधून जुन्या मालातून मागवला, पोस्टेज आणि कस्टम धरून साधारण साडेसहा हजार पडले. ऑर्डर करायच्या आधी एक काम मात्र नक्की करा, बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून रिमवर रबर जिथे टेकतं तिथपर्यंत पट्टीने मोजा. ९९९ मध्ये ६१० आणि ७५० असे दोन प्रकार येतात, ६१० जास्तीत जास्त ६१ मिमीपर्यंत पोचतो आणि ७५० पंचाहत्तरपर्यंत. माझं पुढे ५५ आणि मागे ५९ आलं म्हणजे ६१० बसला, पण हे मूळच्या २७ इंची चाकावर. टायर सहज मिळतात म्हणून बरेच जण आत्ताच्या ७००सी मापाची चाकं टाकतात, ती रिम ८ मिमीने लहान असते म्हणजे रबर ४ मिमी खाली न्यावं लागतं, मग माझ्या मागच्या चाकाला ६३ लागले असते आणि ६१० तिथे कमी पडला असता. हे आधी न बघता घेतलं की पैसे गेलेच.

मोठ्या झालेल्या भोकासाठी वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्याकडे गेलो, बाहेरून ८ आतून ६ असा स्टीलचा बुश, म्हणजे छोटी नळी, त्याने पंधरा मिनिटांत टर्न करून दिला, आता बोल्ट तसूभरही हलत नाही. आउटर, म्हणजे वायरीवरचं आवरण, आणि वायरी सगळ्या नवीन टाकल्या. सेंटर-पुलला वर आउटर अडकवायला एक हँगर लागतो आणि ब्रेकच्या दोन्ही हातांना जोडणारी छोटी आडवी वायर, हे दोन्ही सेटबरोबर आलं का ते विकणाऱ्याला विचारून घ्या. लिव्हरला खालून दुसरी आडवी लिव्हर असते ना, हँडलचा वरचा भाग धरूनच ब्रेक मारता यावा म्हणून, ती मी काढली. ती वाकते आणि तिने पुरेसा जोर मिळत नाही. मामाला आधी आवडलं नाही, त्याला ती आठवणीतली वाटते, म्हणून डब्यात जपून ठेवलीय.

रबर मात्र जुनं अजिबात ठेवू नका, पन्नास वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. मी कूल-स्टॉपचे कॉन्टिनेंटल घेतले, सॅमन रंगाचे, दिसायला जुन्यासारखेच आणि पावसात पकड धरणारे. आणि क्रोमची स्टील रिम असेल तर ती बदलायचा विचार करा, ओल्या क्रोमवर कुठलाही ब्रेक आधी नुसता घसरतो आणि मग कधीतरी पकडतो. मी त्याच काळातली अॅल्युमिनियमची २७ इंची रिम शोधून लावली, जुनी चाकं तशीच बांधून ठेवलीत.

जुलैत भर पावसात येऊरच्या डोंगरावरून उपवनला उतरलो. कोरड्या रस्त्यापेक्षा जास्त अंतर लागतं हे खरं, पण दोन बोटांनी हळूहळू दाबत वेग जसा हवा तसा कमी होत गेला, झटका नाही, भीती नाही. आत्ताच्या ड्युअल पिव्हटएवढी ताकद यात नाही, तेवढी अपेक्षा ठेवूही नका. या ब्रेकला मी एक स्टार कमी देतो तो आवाजामुळे. यात रबर पुढून किंचित आत वळवायची सोय नाही, त्यामुळे पुढचा ब्रेक किंचाळायचा. शेवटी रबर काढून ब्रेकचा हात पान्ह्यात धरून अगदी हलका वाकवला. पुढचा आता गप्प आहे, मागचा अजून कधीकधी ओरडतो, तो या रविवारी बघतो.