दापोलीजवळचं भाड्याचं घर: ५ मुक्काम, २३ रात्री आणि एक पक्कड

एप्रिलमध्ये आईनं रात्रीचं इन्सुलिन घेतलं, कुकरची पहिली शिटी झाली आणि वीज गेली. त्याच रात्री हे लिहिलं असतं तर २ तारे दिले असते. मे महिन्यातला मुक्काम करून परवा परत आलो, आता ४ देतोय.

आधी आम्ही एकाच घरात इतक्या वेळा का राहिलो ते सांगतो. दापोली तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात त्याची कौलं गेली, आडं मोडलं, मागची पोफळीची बाग आडवी झाली. तेव्हा घाईघाईनं पत्रे टाकून घेतले होते. यंदा नीट वासे, रिपा बदलून पुन्हा कौलं चढवायची ठरवली, तर सुताराच्या मागे उभं राहायला माणूस हवा. नोव्हेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल आणि मे असे आमचे फेरे झाले. आई ७८ वर्षांची, मधुमेह आहे, पण घराचं काम म्हटल्यावर ती पुण्यात थांबणं शक्य नाही. तिचं जेवण वेळेवर, कमी तेलाचं, कमी तिखटाचं. खानावळीत ते रोज जमत नाही. म्हणून स्वयंपाकघर असलेलं घरच भाड्यानं हवं होतं. मुरुड-कर्दे पट्ट्यातलं हे घर ॲपवर सापडलं. दोन खोल्या, ओटी, स्वयंपाकघर, रात्रीचे ४,५०० रुपये. फोटो तुम्ही पाहिले असतीलच, ते खरे आहेत.

जाहिरातीत 'सुसज्ज स्वयंपाकघर' लिहिलंय. नोव्हेंबरमध्ये पोचल्यावर मी कपाटं उघडून पाहिली. एअर फ्रायर, मायक्रोवेव्ह, कॉफीचं यंत्र, सहा उंच काचेचे पेले, पास्ता काढायचा चिमटा, दोन नॉनस्टिक तवे. पोळपाट-लाटणंही होतं, ते पाहून बरं वाटलं. मग दूध तापवायला ठेवलं आणि उतरवायची वेळ आली तेव्हा कळलं की घरात पक्कड नाही. तुमच्याकडे सांडशी म्हणत असतील. सगळे खण, ओट्याखालचं कपाट, फ्रीजच्या वरची टोपली, सगळीकडे शोधलं. नव्हतीच.

हे वाचून कुणाला वाटेल, एवढ्याशा वस्तूचं काय घेऊन बसलात. आपल्या पातेल्यांना, टोपांना दांडा नसतो. काठ असतो, आणि तो काठ पकडीत धरण्यासाठीच असतो. टोप आणि पक्कड मिळून एक भांडं होतं, एकटा टोप तापल्यावर कुणाच्याच कामाचा नाही. कुकरचं तर विचारूच नका. खाली डाळीचा डबा, वर भाताचा डबा, दोन्ही कुकरच्या अंगाला लागून बसलेले, आत वाफ आणि उकळतं पाणी. तो वरचा डबा बाहेर काढणार कशानं? जानेवारीत आम्ही चमचा खाली घालून तिरपा करून पाहिला, भात पाण्यात गेला. आईनं पदरानं धरायचा प्रयत्न केला आणि तर्जनीला चटका बसला. फोड आला. तिच्या बोटावरची जखम भरायला तीन आठवडे लागले, कारण साखर. माझ्या डोक्यात ही वस्तू जी बसली ती तेव्हापासून.

मालक मुंबईत असतात. नोव्हेंबरमध्येच फोन केला होता, नम्रपणे सांगितलं होतं. "हो हो, ठेवतो," म्हणाले.

त्या पहिल्याच मुक्कामात दुसरी गोष्ट लक्षात आली. गॅस नव्हता, इंडक्शनची शेगडी होती, आणि कुकर मात्र ॲल्युमिनियमचा. इंडक्शन भांड्याच्या बुडातल्या लोखंडाला तापवतं. ॲल्युमिनियमचं भांडं ठेवलं की नुसती पीं पीं वाजते आणि बंद पडते. फ्रीजवरचं लोहचुंबक काढून भांड्याच्या बुडाला लावून बघा, चिकटलं तर चालेल, नाही तर नाही. त्या घरातली सात भांडी आम्ही अशी तपासली, चार नापास झाली. म्हणजे मांडणी भरलेली आणि वापरायला तीन भांडी. चार दिवस भात उघड्या पातेल्यात शिजवला.

जानेवारीत गेलो तर नवा स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा ५ लिटरचा कुकर आलेला. मालकांनी ऐकलं याचा आनंद झाला. पक्कड नव्हती.

आता या घराची जी गोष्ट मला मनापासून आवडली ती सांगतो, कारण ती फोटोत कुठेच नाही. घराच्या मागे, विहिरीकडे जाताना, एक कडाप्प्याचा ओटा आहे. साधारण तीन फूट लांब, कमरेएवढ्या उंचीचा, वर नळ, खाली उतार काढलेला, पाणी थेट माडाच्या आळ्यात. हा मासे साफ करायचा ओटा. हर्णै बंदर वीस मिनिटांवर. संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवरच लिलाव चालतो, आणि लिलावात उतरायचं नसेल तर कडेला बसलेल्या बायकांकडून वाटा घेता येतो. बहुतेक भाड्याच्या घरांत 'मासे आत आणू नयेत' अशी पाटी असते, किंवा आणू देतात पण साफ करायला बेसिनशिवाय जागा नसते आणि मग दोन दिवस वास. इथे बांगडे त्या ओट्यावर कापले, कोळंबी सोलली, टरफलं-आतडी आळ्यात पुरली. माडाला ते खतच होतं. स्वयंपाकघरात माशाचा वास म्हणून आला नाही. शिवाय त्याच नळाखाली समुद्रावरून आलेल्या पोरांचे पाय धुता येतात, वाळू घरात येत नाही. ज्यानं हा ओटा बांधला त्याला कोकणातलं घर कळतं. बहुतेक तो मालकांच्या वडिलांच्या वेळचा असावा, कडाप्पा झिजून मध्ये खोलगट झालाय.

पण गंमत बघा, बांगड्यांना वाटण करायचं तर मिक्सर होता, घर सांभाळणाऱ्या काकूंनी बागेतले दोन नारळ आणून दिले होते, आणि खोबरं खवायला विळी नव्हती. सुरीनं तुकडे काढून मिक्सरमध्ये फिरवले. सोलकढीला तसं खोबरं आम्हाला नीट जमलं नाही. फेब्रुवारीपासून आम्ही पुण्याहून विळी नेऊ लागलो. पक्कडही नेऊ शकलो असतो. मी मुद्दाम नेली नाही. ती त्या घरात असायला हवी होती, एवढंच माझं म्हणणं होतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गाद्या ठीक, एका पलंगाची मध्ये बसलीय. खिडक्यांना जाळ्या आहेत आणि त्या खरंच बसतात, डास आले नाहीत. कपडे वाळत घालायला मागे लांब तार आहे, चिमटे भरपूर. पिण्याच्या पाण्याला यंत्र आहे. मीठ, तेल, साखर, चहापत्ती बरण्यांत भरलेली असते, पहिल्या संध्याकाळी दुकान शोधत फिरावं लागत नाही, याबद्दल पैकीच्या पैकी. गाडी आत लागते. ज्यांच्याकडे इन्सुलिन आहे त्यांच्यासाठी एक सूचना: फ्रीज लहान आहे आणि वरचा कप्पा फार गार होतो, तिथे भाजी गोठली. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, म्हणून ते दारातल्या कप्प्यात ठेवा.

इंडक्शनबद्दल माझं मत फेब्रुवारीत बदललं होतं, हेही प्रामाणिकपणे लिहितो. आधी मी विरोधातच होतो. पण उन्हं तापायला लागल्यावर जाणवलं की शेगडीभोवती धग नाही, स्वयंपाकघर थंड राहतं, दूध मंद आचेवर ठेवता येतं. आईलाही आवडलं. तिला वाकून ज्योत बघावी लागत नव्हती. मी घरी येऊन बायकोला म्हटलं होतं की आपणही एक घेऊ.

आणि मग एप्रिल.

आईचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. एकदा टोचलं की पोटात अन्न जायलाच हवं, नाही तर साखर खाली येते आणि तिला घाम फुटतो. त्या संध्याकाळी वारा सुटला होता, समुद्राकडून नाही, डोंगराकडून. मुगाची खिचडी कुकरमध्ये लावली, तिनं इंजेक्शन घेतलं, पहिली शिटी झाली, वीज गेली. इन्व्हर्टर आहे, दिवे-पंखे लागले, पण इंडक्शन २,००० वॅटचं. घरगुती इन्व्हर्टरवर ते चालत नाही. मायक्रोवेव्ह नाही, एअर फ्रायर नाही. सुसज्ज स्वयंपाकघरातली एकही वस्तू एक वाटी पाणी गरम करू शकत नव्हती. पंधरा मिनिटं वाट पाहिली. आईला एक केळं दिलं. ती शांत होती, मीच तिचे हात परत परत धरून बघत होतो की गार पडतायत का.

शेवटी कुकर तसाच टॉवेलमध्ये गुंडाळून मी आवारातल्याच काकूंच्या घरी गेलो. त्यांनी काही विचारलं नाही. "आणा इकडे, आजींना किती वेळ बसवून ठेवणार," म्हणाल्या आणि गॅसवर चढवला. दोन शिट्या झाल्या. वाफ जिरल्यावर त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याची पक्कड काढली, डबा उचलला आणि थेट आईच्या ताटाशी नेऊन वाढलं. त्यांची पक्कड जुनी, लोखंडी, तोंडाला दात झिजलेले, पण पकड अशी की डबा तसूभर हलला नाही. आई जेवली. वीज रात्री दीडला आली.

दुसऱ्या दिवशी मालकांना फोन केला तेव्हा माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, आजवर एकाही पाहुण्यानं अशी तक्रार केलेली नाही, आणि ५०० रुपये परत देतो. मला ५०० रुपये नको होते. मी म्हटलं, माझ्या आईच्या जागी तुमची आई असती तर? ते गप्प झाले. मग म्हणाले, गॅस मीच काढला होता, कारण पाहुणे बटण अर्धवट चालू ठेवून समुद्रावर गेले होते आणि काकूंना वास आला म्हणून वाचलं. हे मला माहीत नव्हतं. त्यांची भीती खरी होती, हे मान्य करायलाच हवं. लाकडी माळ्याचं घर आहे.

मे महिन्यात गेलो तर ओट्याच्या कोपऱ्यात ५ किलोचा लहान सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी होती. वर मराठीत कागद चिकटवलेला: वापरून झाल्यावर सिलिंडरचं बटण बंद करा, काकूंना सांगा. आणि रोज रात्री काकू स्वतः येऊन बघून जातात. घराची काळजी आणि पाहुण्यांची सोय दोन्ही सांभाळलं गेलं. मला फार बरं वाटलं.

पक्कड नव्हती.

त्या मुक्कामात मालक पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटले. पावसाआधी कौलं शाकारून घ्यायला आले होते. चाळिशीचे, सरळ गृहस्थ. मी चहा ठेवला. उकळी आली तेव्हा मी आईला औषध द्यायला आत होतो, तर तेच उठले आणि चहा उतरवायला गेले. इकडेतिकडे बघितलं, खण उघडला, दुसरा उघडला. मग ओट्यावरचा नॅपकिन घेतला, दुहेरी केला आणि टोप धरला. काठ निसटला. निम्मा चहा शेगडीवर, थोडा त्यांच्या मनगटावर. मी धावत आलो, नळाखाली हात धरायला लावला. पाणी मनगटावरून वाहत असताना त्यांनी ओट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मी या स्वयंपाकघरात कधी चहासुद्धा केलेला नाही हो."

माझा त्यांच्यावरचा सगळा राग त्या वाक्यात गेला. सहा महिने मी समजत होतो की हा माणूस शंभर-दीडशे रुपयांसाठी टाळाटाळ करतोय. तसं नव्हतं. एअर फ्रायर त्यांनी सात-आठ हजारांचा आणला होता. पक्कड त्यांना दिसतच नव्हती, कारण मुंबईच्या घरी ती कुणी तरी दुसरं हातात धरतं. ते संध्याकाळी दापोलीच्या बाजारात गेले आणि परत आले तेव्हा पिशवीत दोन पकडी होत्या, एक मोठी, एक लहान. आणि विळी. तीही खोबरं खवायची, पुढे दातेरी चकती असलेली.

५ पैकी ४. एक तारा राखून ठेवतोय तो बसलेल्या गादीसाठी आणि आईच्या बोटासाठी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत हर्णैच्या भरवशावर जाऊ नका. आमच्या घराची कौलं चढली आहेत, वीजजोडणी राहिलीय, त्यामुळे दिवाळीच्या आधी आम्ही याच घरात आणखी एकदा राहणार आहोत.

मोठी पक्कड खिडकीच्या डाव्या हाताच्या खिळ्यावर आहे, लहान तिच्या खाली. तुम्ही गेलात तर वापरून झाल्यावर तिथेच अडकवा.