शिडाच्या बोटीवर व्हीएचएफ रेडिओ: एका मोसमाच्या वापरानंतर

वापर ऑक्टोबर ते मे, मुंबई बंदर ते मांडवा, क्वचित मुरुडपर्यंत. बोटीबोटींत आणि किनाऱ्याशी बोलायच्या या रेडिओचे बोटीवर दोन सेट: बसवलेला २५ वॅटचा आणि हातातला ६ वॅटचा.

'रेडिओ कशाला, मोबाइल आहे की!' हे हमखास ऐकावं लागतं. फोन लागतो एका माणसाला, तोही रेंज असली तर. चॅनल १६ (संकटाचं आणि पहिल्या हाकेचं सामायिक चॅनल) वरची हाक टप्प्यातली जी जी बोट कान देऊन असेल तिला एकदमच पोहोचते. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक फोनमध्ये असावाच, पण दोन मैलांवरच्या टगला (जहाजं ओढणाऱ्या बोटीला) तो फोन ऐकू जात नाही.

वॅटच्या आकड्याला मात्र भुलू नका. व्हीएचएफ जवळपास नजरेच्या टप्प्यातच चालतो, म्हणून खरा फरक पाडते ती अँटेनाची उंची. दोन छोट्या बोटींवर हातातले सेट असले, तर ४-५ सागरी मैलांपुढे बोलणं कठीण. तेच डोलकाठीच्या टोकाला, ९-१० मीटरवर अँटेना असेल तर मोठ्या जहाजाशी १५ मैलांवरूनही जमतं. किनारा दिसतोय तोवरच फिरणार असाल तर हातातला सेट पुरे. त्यापुढे बसवलेलाच घ्या.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या केबलच्या जोडाने. खारं पाणी शिरून आतलं तांबं हिरवं पडतं. लक्षण फसवं: जहाजांचं बोलणं खणखणीत ऐकू येतं, कारण त्यांची ताकद आणि उंची दोन्ही जास्त, आपलं मात्र कुणालाच पोहोचत नाही. केबल चांगलं तांबं लागेपर्यंत कापायची, नवा कनेक्टर बसवायचा, वर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची. मग कुणाकडून तरी आवाज तपासून घ्यायचा, पण १६ वर नव्हे, कामाच्या चॅनलवर.

बोलताना २५ वॅटचा सेट ५-६ अँपिअर ओढतो. वायर बारीक असली की बोलायचं बटण दाबताच सेट बंद पडतो. जाड वायर, फ्यूज घालून, थेट बॅटरीवरून आणा.

हातातल्या सेटच्या खोक्यावरचे बॅटरीचे तास बहुतेक वेळ नुसतं ऐकत राहण्याच्या हिशेबाने छापलेले असतात. आणि हा सेट गादीखाली राहून बोलायचं बटण दाबलं गेलं, तर सगळ्यांचंच चॅनल अडतं.

लाल डीएससी बटणाचं (दाबलं की संकटाचा संदेश आपोआप जातो) कौतुक खूप, पण एमएमएसआय क्रमांक (बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक, भारताचा ४१९ ने सुरू होतो) भरल्याशिवाय ते चालत नाही आणि जीपीएस जोडलं नसेल तर जागा आपोआप जात नाही. क्रमांक नीट तपासून भरा. बऱ्याच सेटमध्ये तो पुन्हा बदलायला विक्रेत्याकडेच जावं लागतं.